उन्हाळ कांद्याचा प्रबंध

माझा मूळ विषय द्राक्षांच्या फवारणीचा होता. दिंडोरीकडच्या बागांत मजूर पाठीवर पंप घेऊन औषध मारायचे आणि त्यातलं बरंचसं त्यांच्याच अंगावर यायचं. ते वेलीवर पडावं, माणसावर पडू नये, असं नोझल मला करायचं होतं. एम.टेक.च्या पहिल्या वर्षी त्यासाठी मी चार महिने बागांतून हिंडले, वहीभर आकृत्या काढल्या, तीन नोझलं कातून घेतली. मग माझे मार्गदर्शक सर परदेशी प्रशिक्षणाला निघून गेले. मला ते खात्याच्या शिपायाकडून कळलं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. जे नवे सर मिळाले ते साठवणुकीचे होते. त्यांनी माझी फाइल उघडली नाही, नुसती टेबलाच्या कडेला सरकवली.

"द्राक्षं सोडा," ते म्हणाले. "तुम्ही नाशिकच्या ना? मग कांदा घ्या. घरच्या घरी होईल."

"सर, आमच्या घरी शेती नाही. वडील कारखान्यात फिटर आहेत. आम्ही नाशिकरोडला राहतो."

"मग कृषी अभियांत्रिकीला कशाला आलात?"

हा प्रश्न मला प्रवेशाच्या खिडकीवरच्या कारकुनापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला होता. मला यंत्रं आवडायची. मेकॅनिकलला नंबर लागला नाही, इथे लागला, आणि शिकता शिकता हेही आवडायला लागलं. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि एवढ्यावर कुणाचं समाधान होत नव्हतं. आईचं तर अजिबात नाही. सुट्टीत घरी येऊन मी नवा विषय सांगितला तेव्हा ती पोळी लाटायची थांबली.

"इतकी वर्षं शिकून कांदे मोजणार?" ती म्हणाली.

विषय तसा वाईट नव्हता. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो. शेतकरी तो चाळीत, म्हणजे बांबूच्या जाळीदार भिंतींच्या लांबट कोठीत, भरून ठेवतो आणि भाव येईपर्यंत थांबतो. तेवढ्या महिन्यांत काही कांदा वाळून हलका होतो, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. जुन्या चाळीत ढीग जमिनीवरच असतो, त्याला खालून वारा लागत नाही. तळ जमिनीपासून दीड फूट उचलून बांबूचा केला तर नासाडी किती कमी होते, हे मला मोजून दाखवायचं होतं. त्यासाठी एकाच शेतातला कांदा निम्मा जुन्या चाळीत आणि निम्मा नव्या चाळीत ऑक्टोबरपर्यंत राहायला हवा होता. कागदावर हे फार सोपं दिसत होतं.

विद्यापीठाच्या शेतावर त्या वर्षी कांदा नव्हता. वडिलांच्या पाळीतल्या एका माणसाच्या ओळखीने सायखेड्याचा एक शेतकरी तयार झाला. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस, घरचा ट्रॅक्टर, गोदावरीकाठची काळी जमीन. घरात त्याची म्हातारी आई होती आणि चाळीचा सगळा कारभार तिच्या हातात होता, हे मला नंतर कळलं.

"आडनाव काय म्हनलात?" पहिल्या भेटीत त्याने विचारलं. मी आडनाव सांगितलंच नव्हतं. मग सांगितलं. त्याने आईकडे पाहिलं. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बरं," ती म्हणाली. "चाळ बांधायची तर आखाजीच्या आत बांधा." अक्षय्य तृतीयेला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

चहा आला. त्या दोघांना स्टीलच्या पेल्यांत, मला कान तुटलेल्या कपात. प्यायल्यावर तो कप मी स्वतः विसळून ओट्याच्या कडेला पालथा घातला आणि मला कुणी अडवलं नाही. वडिलांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा जाऊ नको म्हटलं असतं, आणि दुसरीकडे मला कांदा कोण देणार होतं?

गावच्या सुताराला मी आकृती दिली, मापं समजावली, दोनदा त्याच्याकडून वदवून घेतली. आठ दिवसांनी येऊन पाहते तर तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर वर.

"दीड फूट सांगितलं होतं," मी म्हटलं.

"एवढ्या उंचावर पाटी टाकायची म्हंजे बायामान्सांला जड जातं," तो म्हणाला. "मी आपलं बेतानं घेतलं."

"अहो, पण ते दीड फूट हाच माझा अभ्यास आहे."

"वीतभर बी वारा जातोच की."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुढच्या रविवारी वडील पाने, पक्कड, तारेचं वेटोळं घेऊन एस.टी.ने माझ्याबरोबर आले. आम्ही दोघांनी सगळा तळ सोडवून दगडांवर पुन्हा बसवला. शेतकरी बाजेवर बसून पाहत होता. संध्याकाळी येऊन त्याने एक बांबू हलवून बघितला, तो हलला नाही, तेव्हा पहिल्यांदा वडिलांना "चहा घ्या" म्हणाला. वडिलांनी "गाडीची वेळ झाली" म्हणून टाळलं. त्यांना सगळं न सांगताच समजलेलं असावं.

कांदा भरताना दोन्ही ढिगांत मी जाळीच्या पिशव्या पुरल्या. प्रत्येकीत दहा किलो कांदा. काही तळाशी, काही मधोमध, काही वर. दर महिन्याला ठरलेल्या पिशव्या उकरून काढायच्या, वजन करायचं, सडका आणि कोंब आलेला कांदा वेगळा मोजायचा. प्रत्येक पिशवीला पत्र्याचा बिल्ला होता, आणि त्यावरचे आकडे वडिलांनी ठोकून काढले होते. ढिगात पोकळ नळ्या उभ्या घातल्या होत्या, त्यांतून दोरीने तापमापक खाली सोडायचा. बाहेर खांबावर हवेतला ओलावा मोजायचं यंत्र टांगलं होतं. त्यातल्या एका तापमापकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलेलं असतं आणि त्याचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत.

पंधरा दिवसांनी गेले तर ते कापड गायब. नवं बांधलं. पुढच्या खेपेला तेही गायब. मी शेतकऱ्याला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. गड्याला विचारलं, त्याने कानावर हात ठेवले. शेवटी म्हातारीच म्हणाली, "ते व्हय? मी नेलं. लय मऊ कापड हाय. दिव्याला वात चांगली झाली."

"आजी, त्या कापडाशिवाय माझं यंत्र आंधळं आहे."

"मग दोन आणायचे ना गं. एक त्याला, एक देवाला."

त्यानंतर मी दर खेपेला दोन कापडं नेऊ लागले. पण त्या महिन्याभराच्या ओलाव्याच्या नोंदी गेल्याच. सरांना मी कळवलं तेव्हा त्यांनी लिहिलं की निरीक्षणात खंड पडता कामा नये. पत्रात एवढं एकच वाक्य होतं.

श्रावणातल्या एका मंगळवारी मी सकाळच्या गाडीने सायखेड्याला उतरले आणि चाळीपाशी गेले, तर जुनी चाळ रिकामी होती. खाली नुसती पात आणि टरफलं. माझ्या नळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. म्हातारी दारात बसून उरलासुरला कांदा निवडत होती.

"गेला," ती म्हणाली.

"कुठे गेला?"

"लासलगावला. सकाळीच ट्रॉली भरली. भाव आला."

"आणि माझ्या पिशव्या?"

"त्या बी त्यातच गेल्या आसतील. कोन निवडत बसनार?"

सोळा पिशव्या होत्या त्या ढिगात. एप्रिलपासून एवढी धडपड केली ती त्यांच्यासाठी, आणि जुनी चाळच नसेल तर नवी कशाशी ताडून बघायची? तिथे थांबले असते तर म्हातारीला काहीतरी वाईट बोलले असते. उलट पावली फिरले, मिळेल त्या गाडीने निफाड गाठलं आणि तिथून लासलगाव.

बाजार आवारात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा लागलेल्या होत्या. पावसाची भुरभुर चालू, पायाखाली चिखल आणि चिखलात तुडवलेला कांदा. खताच्या पोत्यांची ठिगळं लावलेली निळी ताडपत्री मला ओळखीची होती, तिच्यावरून ट्रॉली सापडली. शेतकरी चाकाशी उभा होता. मला पाहून तो चपापला, पण क्षणभरच.

"काका, तुम्ही ऑक्टोबरपर्यंत ठेवतो म्हणाला होतात."

"म्हनलो होतो. पन भाव आला ना ताई. भाव काय तुमच्या परीक्षेसाठी थांबतो का?"

"निदान मला कळवायचं तरी."

"कसं कळवनार? रात्री रेडिओला ऐकलं, सकाळी निघालो."

मी ओढणी कमरेला बांधली आणि ट्रॉलीत चढले. "आता कुठं उकरता? लिलाव येऊन ऱ्हायला," तो खालून म्हणत होता. लिलाव खरंच तीन ट्रॉल्यांवर आला होता. हाताने कांदा बाजूला करत मी एक पिशवी काढली, मग दुसरी. पाचवी काढली तोवर व्यापाऱ्यांचा घोळका येऊन पोचला.

"काय हरवलं बाई?" छत्री धरलेल्या एका वयस्क व्यापाऱ्याने विचारलं. "दागिना का काय?"

"पिशव्या."

"कसल्या?"

"कांद्याच्या."

कांद्याच्या ट्रॉलीत कांदा शोधणाऱ्या बाईला सगळे मनसोक्त हसले. हसू ओसरल्यावर त्या व्यापाऱ्याने एक पिशवी उचलली आणि बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

"सतरा नंबर म्हणजे काय?"

मी सांगितलं. जुनी चाळ, मधला थर, चौथ्या महिन्यात काढायची. त्याने पिशवीतला एक कांदा घेऊन मानेशी दाबला, हुंगला, दुसरा घेतला. मग वरच्या थराची पिशवी मागितली आणि तिच्यातला कांदा दाबून पाहिला.

"मधला घामेजलाय," तो म्हणाला. "हे आम्हाला हाताला कळतं. तुम्ही वजनात काढता होय? काढा." आणि घोळक्याला म्हणाला, "चला, पुढची घेऊ. हिच्याकडे मागून येऊ."

एम.टेक.ला लागल्यापासून माझ्या कामाबद्दल उपयोगाचा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. मग शेतकरीही ट्रॉलीवर चढला आणि माझ्याबरोबर उकरू लागला. सोळापैकी तेरा पिशव्या सापडल्या. एका अडतीच्या पत्र्याखाली, माझ्या झोळीत कायम असणारा ताणकाटा खिळ्याला अडकवून मी सगळ्यांची वजनं घेतली, सडका कांदा वेगळा केला, नोंदी केल्या. वही भिजली होती, पण आकडे वाचता येत होते.

सरांनी त्या नोंदी पाहिल्या आणि वही मिटली.

"बाजारात घेतलेल्या निरीक्षणांवर मी सही करू शकत नाही," ते म्हणाले. "तीन नमुने गहाळ. आणि जुनी चाळ चार महिन्यांतच संपली. पुढचा उन्हाळा परत करा."

"सर, आणखी एक वर्ष?"

"कांदा वर्षातून एकदाच येतो, त्याला मी काय करू?"

त्या संध्याकाळी वसतिगृहात मी शिक्षण सोडत असल्याचा अर्ज लिहिला. बी.टेक. होतंच, कुठेतरी नोकरी लागली असती. अर्ज घेऊन मी घरी आले, कारण वडिलांना न विचारता तो देणं बरं दिसलं नसतं. त्यांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला.

"तो शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा विकेल?" त्यांनी विचारलं.

"विकणारच. त्याचा कांदा आहे."

"मग तो विकणार हे धरूनच ड्रॉइंग काढ ना."

मला आधी रागच आला. मी वैतागून बोलत होते आणि हे मला ड्रॉइंग शिकवत होते. पण झोपेपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. माझा सगळा प्रयोग ऑक्टोबर गाठण्यावर टांगलेला होता, आणि ऑक्टोबर माझ्या हातात नव्हता. शेतकऱ्याच्याही नव्हता. मी पिशव्यांची मांडणी बदलली. दर महिन्याला दोन्ही चाळींतून तिन्ही थरांचा पुरा संच निघावा आणि तो महिना तेवढ्यापुरता पूर्ण असावा. शेतकऱ्याने कधीही विकलं तरी तोपर्यंतचे महिने माझे. पिशव्याही ढिगाच्या पोटात न पुरता बाजूला बसवलेल्या सुट्या फळ्यांशी ठेवल्या, एक फळी काढली की हाताला लागतील अशा. अर्ज मी दिला नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात शेतकऱ्याने एक गोष्ट आपणहून कबूल केली. विकण्याआधी तो मला कार्ड टाकणार होता. आषाढात कार्ड आलंही, "उद्या कांदा काढत आहे" असं. ते मला मिळालं तेव्हा कांदा काढून तीन दिवस झाले होते. शिवाय या वेळी त्याने नव्या चाळीतला कांदा आधी विकला होता.

"नव्या चाळीतला का?" मी विचारलं. आवाज चढू न देण्याचा मी प्रयत्न करत होते.

"दिसायला चांगला होता ना," तो म्हणाला. "चांगल्याला भाव जास्त."

जो कांदा किती टिकतो ते पाहायचं होतं, तो चांगला टिकला म्हणून आधी गेला. डोकं फुटायची वेळ आली होती. पण तीन महिन्यांचे पुरे संच माझ्या वहीत होते आणि या वेळी एकही पिशवी ट्रॉलीत गेली नव्हती. म्हातारीने गड्याकडून फळ्या काढवून सगळ्या पिशव्या बिल्ल्यांसकट बाजूला ठेवल्या होत्या. त्या दिवशी चहा स्टीलच्या पेल्यात आला. पेला लक्षात आला याचीच मला चीड आली.

दर महिन्याचा संच पुरा असल्याने सरांनी या वेळी नोंदींवर सही केली. प्रबंध इंग्रजीत लिहायचा होता. नाशिकला कोर्टाजवळ बसणाऱ्या एका टंकलेखकाकडे मी तो टाकायला दिला. हात भराभर चालायचा त्याचा, फक्त जन्मभर वकिलांचे कागद टाइप केलेले. पहिलं प्रकरण हातात आलं तर जिथे जिथे 'ओनियन' हवं तिथे 'ओपिनियन'. मतांची साठवणूक, मतांना फुटणारे कोंब, मत सडण्याची कारणं.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

"शब्द चुकलाय असं वाटलं," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून दुरुस्त केला."

चाळीस पानं पुन्हा टाइप झाली. ऋणनिर्देशात मी शेतकऱ्याचं आणि त्याच्या आईचं नाव घातलं होतं. सरांनी ते लाल पेनाने खोडून 'एक सहकारी शेतकरी' केलं. तसंच टाइप करून दिलं. भांडायची ताकद उरली नव्हती.

तोंडी परीक्षा वीस मिनिटांत आटोपली. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी एक समीकरण विचारलं, एक आलेख उलटा छापला गेल्याचं दाखवलं आणि घड्याळ पाहून अभिनंदन केलं. कितीतरी रात्री मी त्या परीक्षेच्या धास्तीने जागले होते. इतक्या लवकर सुटका झाल्याचं दुःख व्हावं हे विचित्रच, पण झालं.

बांधलेली एक प्रत घेऊन मी सायखेड्याला गेले. म्हातारीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि वजनाचा अंदाज घेतला.

"एवढं जाड? आन सगळं कांद्याचंच?"

"हो, आजी."

"काय लिव्हलंस? वाच."

मला एकदम खजील वाटलं. दोन वर्षं मी त्यांच्या चाळीत उतरत होते, त्यांचा कांदा मोजत होते, आणि काय सापडतंय हे एकदाही मराठीतून बसून सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं हे खरं, पण मीही आपण होऊन बोलले नव्हते. ओसरीवर बसून मी पहिल्या प्रकरणापासून सांगायला लागले. शेतकरी दाराशी उभा राहून ऐकत होता, मग तोही बसला. म्हातारी मधे मधे अडवायची. तळाचा कांदा मधल्यापेक्षा कमी का सडला? भिंतीकडचा कांदा जास्त वाळतो, तो धरलास का वगळलास? एका आलेखाशी ती बराच वेळ अडून बसली. त्यात मी, ढीग सर्वांत उंच होता त्या कोपऱ्यातल्या पिशव्यांवरून, ढिगाची उंची जास्त झाली की नासाडी वाढते असं दाखवलं होतं.

"हे चूक हाय," ती म्हणाली. "उंचीनं नाय. त्या कोपऱ्यातला कांदा ओला भरला होता. गड्याला मी तवाच बोलले होते."

मी वही काढून पाहिलं. त्या कोपऱ्यातल्या पिशव्या कधी आणि कशा कांद्याने भरल्या, याची नोंद माझ्याकडे नव्हती. सरांनी, परीक्षकांनी, कुणीच ते विचारलं नव्हतं. मी पेन्सिलीने त्या पानाच्या कडेला लिहिलं, कांदा ओला असल्याची शक्यता. मग पेन घेऊन ऋणनिर्देशाच्या पानावर, छापलेल्या ओळीखाली, दोघांची पूर्ण नावं लिहिली. शेतकऱ्याने ती मोठ्याने वाचली.

"झालं का तुझं?" म्हातारीने त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे वळली. "पुढचं सांग. अजून निम्मं ऱ्हायलंय."

पाच वाजताची एस.टी. गेली. शेवटचं प्रकरण संपवूनच तिने मला सोडलं, आणि शेतकऱ्याने ट्रॅक्टरने नाशिकच्या रस्त्याला चांदोरी फाट्यावर आणून पोचवलं.